वावर आहे, पॉवर कुठंय?

विदर्भ-खानदेशात शेताला वावर म्हणतात. तिकडं ट्रॅक्टरच्या मागं वावर आणि पॉवर यांचं यमक रंगवलेलं दिसतं. ज्याच्याकडं जमीन त्याचा रुबाब, असा त्याचा अर्थ. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात तर वावर नावाचं अख्खं गाव आहे. त्याच भागातल्या एका पाड्यावर मी दिवाळीनंतर तीन दिवस पॉवर शोधत बसलो होतो. पॉवर हरवली नव्हती. नाशिकहून मीच ती पाच काळ्या डब्यांत भरून नेली होती. प्रश्न एवढाच होता, की कुठल्या डब्यातली पॉवर कुठल्या यंत्राच्या तोंडात घालायची.

याची सुरुवात आमच्या दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर झाली. पन्नाशी उलटलेल्या माणसांच्या ग्रुपवर सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी गुडघ्यांवरचे उपाय आणि रात्री देशाची चिंता असते. अशीच एका रात्री देशाची चिंता चालली असताना कुणीतरी लिहिलं, ‘आपण समाजाचं देणं लागतो.’ त्यावर अठ्ठावीस अंगठे आले. देणं लागतो यावर एकमत झालं की द्यायचं काय यावर वाद घालायला मराठी माणूस मोकळा होतो. शेवटी केबलवाल्या मित्रानं सांगितलं, की वावरकडच्या एका पाड्यावर त्याच्या ओळखीचे गुरुजी आहेत आणि त्यांच्या शाळेत इंटरनेट नाही. ठरलं. शाळेला वायफाय द्यायचं.

वावर हे नाव आम्हाला नवं नव्हतं. १९९२ साली वावर-वांगणीतले कुपोषणाचे बालमृत्यू पेपरात गाजले, तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. त्या बातमीत हसण्यासारखं काही नव्हतं आणि आजही नाही. हसण्यासारखं जे काही होतं ते आमच्या बाजूला होतं. आम्ही मदतफेरी काढली आणि भुकेल्या मुलांसाठी टेम्पोभर जुने कपडे गोळा केले. त्यात सुटाचे तीन कोट होते, जरीचा एक फेटा होता आणि कुणाच्या तरी आजोबांचे लोकरी हातमोजे होते. लेकरांना हवं होतं अन्न, आम्ही पाठवले टाय. तो टेम्पो पुढं कुठं पोचला हे आम्ही कधी विचारलं नाही. निघण्याआधी काही विचारलं नव्हतं, मग पोचल्यावर कशाला विचारायचं?

हा संस्कार तीस वर्षांत जरासुद्धा पुसला गेला नव्हता. वायफाय द्यायचं म्हणजे नेमकं काय द्यायचं याची चौकशी न करता जो तो माळ्यावर चढला. हॉटेलवाल्यानं लॉजच्या छतावरून उतरवलेली एक पांढरी ताटली दिली. पुण्याच्या इंजिनिअरनं त्याहून जाडजूड, नवी कोरी ताटली पाठवली. या ताटल्यांना अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात, वायफाय त्यांच्यातून पाझरतं. केबलवाल्यानं गच्चीवर उन्हानं पिवळा पडलेला सिमकार्डाचा राऊटर दिला आणि त्याच वयाचा एक छोटा अ‍ॅक्सेस पॉइंट वरकड म्हणून टाकला. यंत्रं झाली चार. त्यांना वीज पुरवणारे इंजेक्टर आले पाच. इंजेक्टर हवेत म्हटल्यावर आमच्या डॉक्टर मित्रानं सिरिंजचं खोकं देऊ केलं होतं. ते तेवढं आम्ही नाकारलं. नाही म्हणायची आमची ती पहिलीच वेळ.

इंजेक्टर म्हणजे साबणाच्या वडीएवढा काळा डबा. एका टोकाला विजेची पिन, दुसऱ्या टोकाला शेजारी शेजारी दोन भोकं. एका भोकात इंटरनेटची तार येते. दुसऱ्यातून निघणारी तार इंटरनेट आणि वीज दोन्ही घेऊन निघते. म्हणजे जिथं प्लग नाही तिथं, छताला, खांबाला, झाडाला, एकाच तारेवर यंत्र जगवता येतं. नाशिकला आमच्या घरी हे कौतुक कुणाला कळणार नाही, कारण आमच्याकडं भिंतीपेक्षा प्लगच जास्त आहेत. ते वावरला कळतं. तिथलं सारं तंत्रज्ञान एका वाक्यात सांगता येतं: जिथं प्लग आहे तिथं रेंज नाही, आणि जिथं रेंज आहे तिथं प्लग नाही.

पाड्यावर रेंज एका दगडावर येते. शाळेच्या मागच्या चढावर, साधारण सत्तर मीटरवर, काळा कातळ आहे. त्याचं नावच रेंजचा दगड. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा तिथं रांग होती. रेशन दुकानदार अंगठ्याचं यंत्र घेऊन उभा होता. त्याच्याभोवती अंगठे तयार ठेवून दहाबारा माणसं बसली होती. आशाताई दिवसभराची माहिती चढवायला आल्या होत्या. त्यांच्या मागं एक तरुण, नवी नवरी भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेलेली, म्हणून तिच्याशी बोलायला ताटकळत होता. दिवाळी झाली, भात कापून झालं, की इथली निम्मी माणसं अशी कामाला उतरतात. दगडावरचा क्रम ठरलेला होता: आधी अंगठे, मग आकडे, मग प्रेम. कुणी भांडत नव्हतं. आमच्या सोसायटीत लिफ्टसाठी यापेक्षा जास्त भांडणं होतात.

गुरुजी मूळचे लातूरकडचे, वय पस्तिशीचं. त्यांनी माझं सामान पाहिलं आणि अत्यंत सभ्यपणे विचारलं, “काका, यातलं कशाला काय लावायचं?”

“सोपं असतं हो,” मी म्हणालो. “भोक बसलं की जमलं.”

हे वाक्य मी कुठं वाचलेलं नाही, माझंच आहे. म्हणूनच त्याची किंमत मी भरली. नेटवर्कच्या तारेची पिन कुठल्याही भोकात बसते. निसर्गानं किंवा कंपन्यांनी चुकीला अटकाव करणारी कसलीही सोय ठेवलेली नाही. पहिला डबा हॉटेलवाल्या ताटलीला लावला. काही झालं नाही. दुसरा पिवळ्या राऊटरला लावला. काही झालं नाही. काही न झाल्यामुळं माझा आत्मविश्वास वाढला. तिसरा डबा मी केबलवाल्याच्या छोट्या पॉइंटला लावला. त्याच्या दिव्यानं एकदा डोळा उघडला, आमच्याकडं पाहिलं आणि मिटला. मागोमाग फोडणी करपल्यासारखा वास आला.

“आता काय झालं?” गुरुजींनी विचारलं.

“गेला,” मी म्हणालो.

“चालू होऊन गेला की जाऊन चालू होणार?”

खेड्यातल्या शाळेत शिक्षक का हुशार होतात ते मला त्या क्षणी कळलं.

चूक कुठं झाली हे शोधायला इंटरनेट हवं होतं, म्हणजे पुन्हा दगड. रात्री नऊला प्रेमाचाही नंबर संपल्यावर मी कातळावर बसलो. वर तारे, खाली काळोख. अशा जागी माणसाला ईश्वर वगैरे आठवतो. मी वाचत होतो आयट्रिपलई ८०२.३ एएफ.

त्या रात्री मला जे कळलं ते सांगण्यासाठी आपल्या लग्नातल्या पंगतीइतकं चांगलं उदाहरण नाही. पंगतीत दोन जातींचे वाढपी असतात. पहिला वाढपी पानासमोर थांबतो, वाकतो आणि विचारतो, “वाढू का? किती?” दुसऱ्या जातीचे आपले काका. तुम्ही पानावर दोन्ही हात आडवे धरले तरी बोटांच्या फटीतून जिलबी सोडतात आणि “एवढ्यानं काय होतंय!” म्हणत पुढच्या पानावर जातात.

इंजेक्टरांच्याही या दोनच जाती आहेत. एएफसारख्या मानकाप्रमाणं चालणारा इंजेक्टर हा पहिला वाढपी. तो तारेत एकदम वीज सोडत नाही. आधी दहाएक व्होल्टांच्या आतला, चिमटीएवढा दाब देऊन चाचपतो, की पलीकडं कुणी बसलंय का. पलीकडच्या यंत्राच्या पोटात सुमारे २५ हजार ओहमचा रोध ठेवलेला असतो. तो हाताला लागला की यानं समजायचं, पानावर माणूस आहे, नुसती पत्रावळ नाही. मग दुसरा प्रश्न: भूक किती? यंत्र आपला वर्ग सांगतं. एखाद्याला चार वॅटसुद्धा पुरतात, एखाद्याला पंचवीस लागतात. एवढं झाल्यावर मगच ४८ व्होल्टांच्या आसपासची खरी वाढ. आणि पाहुणा उठला, म्हणजे कुणी तार उपसली, तर हा वाढपी अर्ध्या सेकंदाच्या आत हात आखडता घेतो. रिकाम्या पानावर एक शीतही सांडत नाही.

दुसऱ्या जातीला पॅसिव्ह म्हणतात. नावावर जाऊ नका. इतका आक्रमक पॅसिव्ह मी दुसरा पाहिला नाही. हा काहीही विचारत नाही. प्लग लावला की जे काही २४ किंवा ४८ व्होल्ट त्याच्याकडं असतील ते तारेतल्या निळ्या आणि तपकिरी जोड्यांवर ओततो. पलीकडं चोवीस पचवणारं यंत्र असेल तर ठीक. चोवीसवाल्याला अठ्ठेचाळीस मिळाले की फोडणीचा वास. मी केलं ते हेच. छोट्या पॉइंटला मी ४८ व्होल्टवाले काका वाढायला बसवले होते.

आणि आधीच्या दोन वेळा काही झालं नाही, तेही उगाच नव्हतं. हॉटेलच्या ताटलीला मी २४ व्होल्ट पॅसिव्ह लावले होते. तिला निदान ३७ व्होल्ट तरी लागतात, म्हणून ती उपाशीच झोपली. पिवळ्या राऊटरला लावला होता मानक पाळणारा डबा. त्यानं रीतसर विचारलं, “कुणी आहे का?” राऊटर जुन्या वळणाचा, त्याला ही भाषा येत नव्हती. उत्तर आलं नाही म्हणून डब्यानं वाढलं नाही. आमच्या घरी नवा जावई पहिल्या दिवाळीला असाच उपाशी राहिला होता. सासूबाई “आणखी हवं का?” म्हणायच्या आणि हा संकोचानं गप्प.

हे ४८ व्होल्टही कुणी पंचांग पाहून काढलेले नाहीत. आपल्या घरचा जुना काळा टेलिफोन आठवा. लाईट गेली तरी तो चालू असायचा, कारण त्याची वीज घरची नव्हतीच. एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टांच्या बॅटऱ्यांवरून ती बोलण्याच्याच तारेतून यायची. म्हणजे तारेतून बोलणं आणि जेवण एकत्र पाठवायची कल्पना पणजोबांच्या वेळची आहे. २००० साली सिस्को कंपनीनं इंटरनेटवर चालणाऱ्या टेलिफोनांसाठी ती पुन्हा बाजारात आणली, आणि २००३ साली सगळ्या कंपन्यांसाठी एएफ हे मानक झालं. त्यात वाढप्याच्या हातात १५.४ वॅट. २००९ साली भूक वाढली म्हणून एटी आलं, ३० वॅट. २०१८ साली बीटी आलं, थेट ९० वॅटपर्यंत. बीटी म्हटल्यावर ग्रुपवरच्या यवतमाळच्या मित्राला फक्त कापूस आठवला आणि त्यानं रात्री अकराला बोंडअळीवर एक लांबलचक मजकूर टाकला.

गंमत इथून पुढं आहे. एएफमध्ये डब्यातून १५.४ वॅट निघतात आणि यंत्राला १२.९५ च मिळतील असं धरलेलं असतं. मधले अडीच वॅट शंभर मीटर तार खाते. हे मानकातच लिहून ठेवलंय, कुणी लपवत नाही. मी दगडावर बसून हिशेब केला: रुपयातले ८४ पैसे पोचतात. १९८५ साली पंतप्रधान राजीव गांधी म्हणाले होते, की सरकारनं गरिबासाठी सोडलेल्या रुपयातले १५ पैसेच त्याच्यापर्यंत पोचतात. तारेत चार जोड्या असतात, योजनेत टेबलं किती असतात ते मोजायला मला दगडावर रात्र पुरली नसती. पण तार आपण किती खाणार हे आधी सांगते, आणि सांगितल्यापेक्षा जास्त खात नाही, हे कबूल करायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ही सारी विद्या घेऊन शाळेच्या ओट्यावर बसलो आणि पहिल्याच पायरीला अडलो. इंजेक्टरवरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी असतात. माझा चष्मा हरला, गुरुजींचे डोळे हरले. तेवढ्यात सातवीतली एक मुलगी शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मी वाचू का, आजोबा?” आजोबा हा शब्द मी सोडून दिला. वेळच तशी होती.

ती एकेक डबा उन्हात तिरका धरून वाचू लागली आणि गुरुजींनी संधी साधून विज्ञानाचा तास उरकला. व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट. फळ्याऐवजी फरशीवर खडूनं मांडणी झाली.

“चोवीस व्होल्ट, शून्य पूर्णांक पाच. बारा वॅट.”

“अठ्ठेचाळीस, शून्य पूर्णांक पाच. चोवीस वॅट.” हा कालचा आरोपी. त्यावर कुठलंही मानक लिहिलेलं नव्हतं. मुलीनं त्याला वेगळं बसवलं, वर्गात बसवतात तसं.

“अठ्ठेचाळीस, शून्य पूर्णांक बत्तीस.” ती थोडी थांबली, खडूनं गुणाकार केला. “पंधरा पूर्णांक छत्तीस.” खाली बारीक अक्षरात एएफ. सापडला!

“पंचावन्न, शून्य पूर्णांक सहा. तेहतीस.” एटी. हा ग्रुपवरच्या दुबईवाल्या मित्रानं पाठवलेला राजबिंडा डबा. त्याच्या पिनेला तीन चौकोनी पाती होती आणि ती भारतातल्या कुठल्याही भिंतीत शिरत नव्हती.

पाचव्यावरचं लेबल उंदरानं खाल्लेलं होतं. “याचं काय?” तिनं विचारलं. “ज्यानं स्वतःबद्दल काही सांगितलं नाही त्याला कुठंच लावायचं नाही,” गुरुजी म्हणाले. तो डबा पुढचे दोन दिवस हजेरीपटावर वजन म्हणून बसला आणि ते काम त्यानं उत्तम केलं.

मग यंत्रं पालथी करून त्यांच्या पाठी वाचल्या. इथं एक सावधगिरी सांगतो, नाव पाहून फसू नये. युबिक्विटी कंपनीच्या एसी लाइट नावाच्या लोकप्रिय ताटलीची आधीची आवृत्ती २४ व्होल्ट पॅसिव्ह मागायची, नंतरची ४८ व्होल्टांचं मानकही पाळू लागली. नाव तेच, रूप तेच. जुळ्या भावांतला एक मधुमेही असावा तसं. पाठीवरची बारीक ओळ वाचल्याशिवाय कुणाला साखर द्यायची ते कळत नाही.

एवढ्यात हॉटेलवाल्याचा फोन दगडावरच्या एका मुलानं धावत आणून दिला. तो ओरडत होता, “अरे, पत्रिका जुळवतो तशी जुळव! गुण मोज!” हे ऐकून गुरुजी हसले. म्हणाले, “काका, इथं वारल्यांचं लग्न धवलेरी लावते. बाईमाणूस असते. तिच्या हातात पंचांग नसतं, ओठावर गाणी असतात. पोरापोरीला विचारलं की झालं.” मी हॉटेलवाल्याला हे सांगणार होतो, पण मुलगा परत दगडाकडं धावला होता आणि रेंज त्याच्याबरोबर गेली होती.

जुळणी अशी झाली. पिवळ्या राऊटरला २४ व्होल्टांचा साधा डबा. हॉटेलच्या ताटलीला एएफ. पुण्याच्या जाड ताटलीला खरं तर एटी हवा होता, पण दुबईची पाती भिंतीत जाईनात म्हणून आम्ही तिलाही आधी एएफ देऊन पाहिला. ती उठली. दिवा लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग लक्षात आलं, की ती उठली आहे पण कामाला लागलेली नाही. अशी यंत्रं अर्ध्या जेवणावर अर्धीच चालतात, एखादा रेडिओ बंद ठेवतात किंवा आवाज बारीक करतात. काही तर रेडिओ पेटवायच्या क्षणी कोसळतात, पुन्हा उठतात, पुन्हा कोसळतात. सरकारी कार्यालयात जेवणाच्या सुट्टीआधीचा शेवटचा अर्धा तास ज्यांनी पाहिलाय त्यांना ही अवस्था समजावून सांगावी लागणार नाही. शेवटी गुरुजी मोटारसायकलवर जव्हारला जाऊन पिनेचा कन्व्हर्टर आणि पाच भोकांचा एक स्विच घेऊन आले. एवढ्या दानशूर मंडळींच्या सामानात या दोन वस्तू तेवढ्या नव्हत्या. पदरचे पैसे त्यांनी किती घातले ते सांगितलं नाही.

आता राऊटर बसवायला दगडाजवळच्या खांबावर चढायचं होतं आणि शिडी नव्हती. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाबांकडं बांबूची शिडी होती. ती त्यांनी दिली, पण सोबत स्वतःही आले आणि शिडीच्या पायाशी उभे राहिले. आधी मला वाटलं, मी पडेन म्हणून थांबलेत. मग कळलं, शिडी मोडेल म्हणून थांबलेत.

माझी स्वस्तातली तार त्यांनी हातात घेतली, कोयत्याच्या टोकानं सोलली आणि एक शब्द बोलले, “पांढरी.” मी पाहिलं. वर तांब्याचा पातळ मुलामा, आत अ‍ॅल्युमिनियम. दुकानात तिला तांब्याचीच म्हणाले होते आणि मी भाव पाडून आणली होती. अशी तार तांब्यापेक्षा जास्त वीज खाते आणि तापते. एरवी ८४ पैसे तरी पोचतात, हिच्यातून किती पोचले असते कोण जाणे. नशिबानं केबलवाल्यानं त्याच्या राऊटरबरोबर खऱ्या तांब्याचं भेंडोळं दिलं होतं. दगडापर्यंतचे सत्तर मीटर त्यातून निघाले. शंभराच्या आत होतं म्हणून भागलं. त्यापुढं या तारेवर वीजही थकते आणि इंटरनेटही.

टोकं ठोकायचं काम मुलीनं घेतलं. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तिनं ते दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा सतराच्या पाढ्यासारखं म्हणून दाखवलं. मी चौथ्या वेळीही निळा आणि हिरवा यांची अदलाबदल केली. इंजेक्टरच्या दोन भोकांतलं कुठलं कुठं, हेही तिनंच मला सांगितलं. शाळेतल्या स्विचकडं ‘लॅन’, खांबाकडं ‘पीओई’. पॅसिव्ह डब्यावर ही अदलाबदल झाली तर वीज खांबाऐवजी स्विचमध्ये घुसते, आणि वासाची मला आता ओळख होती.

दुपारी तीनच्या सुमारास राऊटरचा दिवा हिरवा झाला. सत्तर मीटरवरून एकाच तारेत वीज वर गेली आणि इंटरनेट खाली आलं. वर्गातल्या ताटलीवर निळा दिवा लागला. एक आजी दारातून डोकावल्या, बराच वेळ ताटलीकडं पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “दिवा लागला, मग उजेड का पडंना?” यावर मी वायफाय म्हणजे काय ते समजावून सांगायला लागलो. पाच मिनिटांनी माझ्या लक्षात आलं, की मलाही ते येत नाही.

संध्याकाळी लाईट गेली. मुलं सवयीनं दगडाकडं निघाली, पण तोवर गुरुजींनी इंजेक्टरांचा बोर्ड शाळेच्या सौरऊर्जेच्या बॅटरीवर टाकला होता. ताटलीचा दिवा जागचा हलला नाही. जुन्या काळ्या टेलिफोनासारखा. रेशनवाला यंत्र घेऊन ओट्यावर आला. आशाताई आल्या. तो तरुणही आला, पण पाच मिनिटं घुटमळला आणि परत दगडावर गेला. “इथं सगळे ऐकतात,” म्हणाला. प्रत्येक सोयीला अपवाद असतो आणि तो बहुधा प्रेमाचाच असतो.

नाशिकला परतल्यावर मी ग्रुपवर फोटो टाकले. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस अंगठे आले. उत्साहाच्या भरात पुढच्या वर्षीचं दानही त्याच रात्री ठरलं. एकानं संगणक म्हटलं, एकानं रोबोट, डॉक्टर मित्रानं पुन्हा सिरिंज. जळलेल्या छोट्या पॉइंटबद्दल केबलवाल्याला मी अजून सांगितलेलं नाही. तो पॉइंट माझ्या टेबलावर असतो. त्याच्याकडं पाहून मी आयुष्यात पहिल्यांदा काही देण्याआधी फोन लावला.

“गुरुजी, तुम्हाला काय हवंय?”

पलीकडं शांतता. मी “हॅलो, हॅलो” केलं. वाटलं, रेंज गेली.

“रेंज आहे, काका,” गुरुजी म्हणाले. “विचार करतोय. एक शिडी पाठवा.”

“शिडी?”

“बाबांची शिडी अजून आमच्याकडंच आहे. पावसात ताटली काढायला-लावायला लागते म्हणून परत दिली नाही. बाबा रोज येतात, शिडी बघतात, काही बोलत नाहीत आणि जातात. ते बोलले असते तर परवडलं असतं.”

मी ग्रुपवर लिहिलं, ‘एक शिडी.’ दहा मिनिटांत दुबईवाल्यानं अ‍ॅल्युमिनियमच्या, घडी होणाऱ्या, चाकं असलेल्या अठरा फुटी शिडीचा फोटो टाकला. त्याला सत्तावीस अंगठे आले. अठ्ठाविसावा माझा होता. तो मी दिला नाही. खाली लिहिलं, ‘थांबा. आधी खांबाची उंची विचारतो.’